जिल्हा परिषदेचे आबा

(दृश्य: द्राक्षबागा. हळूहळू माळरान. अंजनी गावाचा रस्ता.)

तासगाव म्हटलं की द्राक्षं आणि बेदाणा. पण तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांना पाण्याची ओढ जुनीच. त्यातल्याच अंजनीत १६ ऑगस्ट १९५७ रोजी रावसाहेब रामराव पाटील जन्मले. हे पूर्ण नाव महाराष्ट्रानं फारसं वापरलंच नाही. आर. आर., नाहीतर नुसतं आबा.

'कमवा आणि शिका'तून शिक्षण झालं, वकिलीची पदवीही घेतली. पण काळा कोट घालून कोर्टात रमायचा पिंड नव्हता. १९७९ मध्ये, ऐन विशीत, सावळज गटातून ते सांगली जिल्हा परिषदेवर निवडून आले. आणि १९९० पर्यंत तिथेच राहिले.

(दृश्य: जिल्हा परिषदेचा व्हरांडा. दोरीने बांधलेल्या फायली.)

ही अकरा वर्षं चरित्रात एका ओळीत उरकली जातात. खरे आबा मात्र इथेच घडले. झेडपी सदस्याच्या दारात पहाटे उभा राहणारा माणूस धोरणाचं बोलत नाही. शाळेची खोली गळते. उपकेंद्रात नर्स येत नाही. विहिरीचा प्रस्ताव पंचायत समितीत पडून आहे. गुरुजींची बदली करा, नाहीतर थांबवा. कागद ग्रामसेवकाकडून बीडीओकडे कसा सरकतो आणि नेमका कुठे मुरतो, हे कळायला त्यापेक्षा चांगली शाळा नाही.

१९९० मध्ये विधानसभा. तिथून सलग सहा विजय. सहकारसम्राटांच्या सांगली जिल्ह्यात ना स्वतःचा साखर कारखाना, ना शिक्षणसंस्था. भांडवल म्हणाल तर भाषण. विनोद, चिमटा, मधेच गंभीर सूर, सगळं गावच्या बोलीत.

१९९९ मध्ये ग्रामविकास खातं आलं आणि झेडपीतली ती शिकवणी कामी आली. २००० मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. आधी अनुदान, मग काम, ही सरकारी रीत आबांनी उलटी फिरवली. आधी गाव झाडा, मग बक्षिसासाठी या.

(दृश्य: गल्ली झाडणाऱ्या बायका. शोषखड्डा. रंगवलेली शाळेची भिंत.)

तपासणी समिती यायची म्हणजे गावात लग्नघाई. गटारं उपसली जात, उकिरडे हलत, भिंतींवर सुविचार चढत. स्वतः मंत्री खराटा घेऊन उतरत. समितीची पाठ फिरताच उकिरडा पुन्हा जागेवर आला, अशीही गावं होती; ते लपवण्यात अर्थ नाही. पण संडास हा शब्द ग्रामसभेत उघडपणे बोलला जाऊ लागला, हे थोडकं नव्हे.

पुढे गृहखातं, २००४ पासून उपमुख्यमंत्रिपद. २००५ ची डान्सबार बंदी देशभर गाजली आणि न्यायालयात अडकली. मला मात्र २००७ ची तंटामुक्त गाव मोहीम जास्त आबांची वाटते. बांध कोरला, पाट अडवला, भावकीत बोलणं बंद झालं, असली भांडणं कोर्टाच्या पायरीवर जाण्याआधी गावातच मिटवायची. गृहमंत्र्याच्या खुर्चीत बसूनही हा माणूस बांधावरच उभा होता.

(दृश्य: मुंबई. समुद्र. रात्रीचे दिवे.)

२६ नोव्हेंबर २००८. मुंबईवर हल्ला झाला, १६६ माणसं गेली. पत्रकारांसमोर आबा हिंदीत बोलले. मोठ्या शहरात अशा छोट्या घटना होतात, अशा अर्थाचं. सावळजच्या सभेत सावरून घेतलं गेलं असतं, ते कॅमेऱ्यासमोर सावरता आलं नाही. ज्या जिभेनं मोठं केलं, तिनंच घात केला. १ डिसेंबरला राजीनामा.

वर्षभरात ते त्याच खात्यात परतले. गडचिरोलीचं पालकमंत्रिपद त्यांनी स्वतःहून मागून घेतलं. मंत्री जिथे जायला कां-कूं करतात, तो हा जिल्हा.

२०१४ मध्ये सरकार गेलं, तासगावची जागा राहिली. पण आजार आधीच आत शिरला होता. तोंडाचा कर्करोग. १६ फेब्रुवारी २०१५ ला आबा गेले, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी.

(दृश्य: अंजनी. संध्याकाळ.)

पोटनिवडणुकीत पत्नी सुमनताई निवडून आल्या. २०२४ मध्ये मुलगा रोहित पंचविशीत थेट विधानसभेत पोचला. वाटेत जिल्हा परिषदेचा थांबा लागला नाही.