काळ्या मातीतलं घर आणि आपली संघटना

(अमळनेर येथे लहान बांधकाम व्यावसायिक, ठेकेदार आणि तरुण अभियंत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी. आज मला आपल्या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेबद्दल बोलायला सांगितलंय. मी सुरुवात मातीपासून करतो, कारण माझं म्हणणं तिथूनच सुटत जातं.

चोपडा, शिरपूर, शहादा, इकडे अमळनेर, एरंडोल. तापीच्या दोन्ही अंगांना कुठेही खोदायला घेतलं की बहुतेक जागी आधी काळी माती लागते. कपाशी आणि केळी तिच्याच जोरावर पिकते. पण तिच्यावर घर बांधायचं म्हटलं की हीच माती त्रास देते. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आटून तिला भेगा पडतात. वरचं घर दरवर्षी थोडं उचललं जातं, थोडं खाली बसतं, आणि तेही सगळीकडे सारखं नाही. न्हाणीघराच्या कोपऱ्याखाली माती ओली असते, ओसरीखाली कोरडी असते. मग भिंतीवर तिरपी भेग येते, फरशी मधेच उचलली जाते, पावसाळ्यात दार अडकतं, कंपाउंडची भिंत कलते. हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

यावरचे उपाय इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत आहेत. माती कमी खोल असेल तर ती काढून मुरमापर्यंत जायचं. खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगीर केलेले जमिनीतले खांब, घ्यायचे. त्यासाठी आयएस, म्हणजे भारतीय मानक, २९११चा तिसरा भाग आहे. जोत्यात न फुगणारा मुरूम थराथराने, पाणी मारून, धुम्मस करून भरायचा. घराभोवती फरसबंदीचा पट्टा करायचा, म्हणजे पावसाचं पाणी पायाशी मुरणार नाही. हे सगळं माहीत असूनही आपल्याकडे घरं तडकतात, आणि त्याचं एक मोठं कारण मला असं दिसतं: उपाय पुस्तकात आहे, पण कुठल्या गल्लीत कुठला उपाय लागेल हे पुस्तकात नाही. एका कॉलनीत पाच-सहा फुटांवर मुरूम लागतो. नाल्याकडच्या ओळीत बारा फूट गेलं तरी लागत नाही. हे कोणाला माहीत असतं? ज्याने तिथे खोदलंय त्याला. त्याचा माती-परीक्षणाचा अहवाल त्याच्या फाइलीत पडून असतो, आणि शेजारच्या प्लॉटवर येणारा दुसरा ठेकेदार पुन्हा अंधारात खोदतो.

आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांकडे बघा. जाड भिंती, सागाच्या सरा, वर पांढऱ्या मातीचं धाबं. ते बांधणाऱ्या गवंड्याला त्या गावची माती, तिथलं पाणी, वाऱ्याची दिशा ठाऊक असायची, कारण बापाने त्याच गावात बांधलेलं असायचं आणि पोरगा हाताखाली शिकलेला असायचा. आता ते राहिलं नाही. आज आपण नंदुरबारला एक काम घेतो, दुसरं पारोळ्याला. मिस्त्री एका तालुक्याचा, मजूर सातपुड्याच्या पाड्यांवरचे किंवा सीमेपलीकडच्या बडवानी-बऱ्हाणपूरकडचे. घराण्यात साठणारं ज्ञान आता साठायला दुसरी जागा हवी. माझ्या मते ती जागा म्हणजे आपली स्थानिक संघटना. गावाच्या नकाशावर प्रत्येक सभासदाने आपल्या साइटचा मातीचा थर आणि मुरमाची खोली नोंदवायची, एवढं एक काम जरी संघटनेने केलं, तरी वर्गणी वसूल झाली असं मी म्हणेन. नोंदवलेली खोली बघून प्रत्येकाने आपलं परीक्षण टाळायचं असं मात्र मी म्हणत नाही. परीक्षण करायचंच. पण कुठे सावध राहायचं हे आधी कळलं, तर अंदाजपत्रक खरं निघतं आणि मालकाला मधेच वाढीव पैसे मागायची पाळी येत नाही.

दुसरी गोष्ट ऊन. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, जळगाव-भुसावळचं नाव तर राज्यभर त्यासाठीच घेतलं जातं. काँक्रीटला पाणी किती दिवस मारायचं? साइटवर विचाराल तर उत्तर येतं, सात दिवस. आयएस ४५६ काय सांगतं ते ऐका. साध्या ओपीसी सिमेंटला किमान सात दिवस. पण हवा कोरडी आणि गरम असेल तर किमान दहा. आणि मिश्र सिमेंट असेल, म्हणजे ज्याला आपण पीपीसी म्हणतो ते, तर अशा हवेत चौदा दिवसांपर्यंत न्यावं अशी शिफारस आहे. आपल्या दुकानांत पीपीसीच जास्त खपतं, आणि आपली हवा कशी आहे ते मी सांगायला नको. म्हणजे एप्रिल-मेमध्ये स्लॅब टाकणाऱ्या खान्देशातल्या माणसाला चौदा दिवस गोणपाट ओलं ठेवायला हवं. हे एखाद्या सभेत कोणी अर्धा तास नीट समजावून सांगितलं, तर पन्नास साइटींवरचे स्लॅब सुधारतात. जळगाव-धुळ्यात अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, तंत्रनिकेतनं आहेत. त्यांच्या प्रयोगशाळेत क्यूब, म्हणजे काँक्रीटचे नमुना-ठोकळे, दाबून ताकद बघायची सोय संघटनेमार्फत ठरवून घेता येते. एकट्या ठेकेदाराला तीन क्यूब घेऊन जायला संकोच वाटतो. संघटनेचं पत्र असलं की तोच माणूस मानाने जातो.

हे सगळं करायचं कशासाठी, तर आता चुकीची किंमत मोठी आहे. रेराचा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाचा, कायदा २०१६चा, आणि आपल्याकडे महारेराचं, म्हणजे त्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाचं, काम १ मे २०१७पासून सुरू झालं. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधणीत किंवा कारागिरीत दोष निघाला आणि ग्राहकाने तो कळवला, तर तीस दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा, असं या कायद्यात आहे. ग्राहकाच्या बाजूने बघितलं तर ही रास्त गोष्ट आहे. त्याने आयुष्याची कमाई घातलेली असते. पण काळ्या मातीत पाया चुकला तर पाच वर्षांत पाच पावसाळे येतात, आणि भेग लपत नाही.

रेराबद्दल अजून एक. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा सदनिका आठपर्यंत असतील तर नोंदणी लागत नाही, त्यामुळे आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं की हा विषय आपला नाही. पण पहिला मोठा प्रकल्प हातात येतो तेव्हाच धावपळ होते. ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायची, त्यातून पैसे काढताना अभियंता, वास्तुविशारद आणि सीए यांचे दाखले जोडायचे, ठराविक मुदतीने माहिती अद्ययावत करायची. आणि २०१९पासून महारेराने असं केलंय की नव्या प्रकल्पाची नोंदणी करायची तर विकासकाला मान्यताप्राप्त स्वयंनियामक संस्थेचं, म्हणजे आपल्या सभासदांना शिस्त लावणाऱ्या विकासकांच्या संघटनेचं, सदस्यत्व लागतं. म्हणून सभासद होताना पहिलं हे विचारा: आपली स्थानिक संघटना अशा मान्य राज्यस्तरीय संस्थेशी जोडलेली आहे का? नसेल तर ती जोडून घ्यायचा आग्रह धरा. ग्राहकाशी वाद झाला तर महारेराचा सलोखा मंच आहे. तो २०१८पासून चालतो आणि तिथे ग्राहक संघटनेचा आणि बिल्डरांच्या संघटनेचा प्रतिनिधी एकत्र बसून तडजोड घडवतात. तिथे आपल्या बाजूने बसणारा माणूस आपल्या भागातली बांधणी जाणणारा असावा असं तुम्हाला वाटत असेल, तर त्यासाठी आधी संघटना जिवंत पाहिजे.

जीएसटीचं थोडक्यात सांगतो, बाकी सीए सांगतील. १ एप्रिल २०१९पासून बांधकाम चालू असताना विकलेल्या घरांवर ५ टक्के, आणि परवडणाऱ्या घरांवर १ टक्का, इनपुट क्रेडिट, म्हणजे मालावर भरलेल्या कराची वजावट, नाही. महानगरं सोडून इतरत्र परवडणारं घर म्हणजे ९० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्र आणि ४५ लाखांपर्यंत किंमत. म्हणजे आपल्या तालुक्यांतली बरीच घरं १ टक्क्यात बसतात. पण अट आहे की ८० टक्के खरेदी नोंदणीकृत विक्रेत्याकडून हवी, आणि सिमेंट तर सगळंच. २२ सप्टेंबर २०२५पासून सिमेंटवरचा कर २८चा १८ टक्के झाला. क्रेडिट मिळत नसल्यामुळे अशी घट थेट आपल्या खर्चात दिसते. अशी बातमी आपल्याला वेळेवर आणि नेमक्या अर्थासह कळली, तर पुढचा भाव देताना चूक होत नाही. डिसेंबर २०२०मध्ये आलेल्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीचंही तसंच. ती आपल्या नगरपरिषदांना लागू आहे, तिच्यात बदल होत राहतात, आणि एकेकट्याने प्रत्येक परिपत्रक वाचत बसणं होत नाही.

आता सगळ्यात मोठं उदाहरण. आपल्याकडे कोणाला विचारलं तर तो म्हणतो, ‘एकला माणूस काय करी?’ बरोबर आहे, एकटा काही करू शकत नाही. सिमेंटचे भाव सगळ्या कंपन्यांचे एकाच वेळी वाढायचे, हे प्रत्येक ठेकेदाराला दिसत होतं. त्याविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे गेली ती बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया, १९४१ सालची आपल्या धंद्यातली संस्था. २०१२मध्ये आयोगाने सिमेंट कंपन्यांना मिळून सहा हजार कोटींहून जास्त दंड लावला. तो आदेश पुढे प्रक्रियेच्या मुद्द्यावर रद्द झाला, २०१६मध्ये आयोगाने पुन्हा दंड लावला, आणि तिथूनही अपिलं चालत राहिली. लढाई किती लांबली ते बघा. एवढी वर्षं वकील देत, कागद जमवत उभं राहणं अमळनेरच्या किंवा साक्रीच्या कुठल्या ठेकेदाराला शक्य होतं?

पण त्याच आदेशात आपल्यासाठीही एक इशारा आहे. दंड झालेल्यांत सिमेंट उत्पादकांची संघटनाही होती. भाव ठरवण्यासाठी संघटनेचं व्यासपीठ वापरणं हे २००२च्या स्पर्धा कायद्याखाली गुन्ह्याइतकंच गंभीर मानलं जातं. म्हणून आपल्या सभेत कोणी उठून म्हणाला, ‘चला, सगळ्यांनी मिळून चौरस फुटाचा एकच रेट ठरवू, त्याच्या खाली कोणी काम घेऊ नये,’ तर अध्यक्षांनी तो विषय तिथेच थांबवावा. अमुक ठेकेदाराला कोणी माल देऊ नये, असलंही काही ठरवू नये. दर ज्याचा त्याने ठरवायचा. संघटनेने शिकवायचं, कळवायचं, निवेदन द्यायचं, अडचणीत सोबत उभं राहायचं.

मजुरांचा विषय मी मुद्दाम शेवटी ठेवलाय, कारण त्यावर मला जास्त बोलायचंय. बांधकाम मजुरांच्या कल्याणासाठी आपल्याकडून बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर घेतला जातो; तो १९९६च्या कायद्याने सुरू झाला. तो पैसा मजुरांच्या योजनांसाठी आहे: मुलांच्या शिक्षणाला, बाळंतपणाला, अपघाताला. त्यासाठी मजुराची कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी हवी, वय १८ ते ६० हवं, आणि गेल्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला हवा. हा दाखला कोण देणार? आपणच. आणि तिथेच गाडी अडते. लहान ठेकेदार सही करायला घाबरतो: उद्या कोणी चौकशीला आलं तर, हजेरी दाखवा म्हणाले तर. मग पावरा-भिलांची बाई आठ महिने आपल्या साइटवर विटा वाहते आणि तिच्या नावावर कुठलीच नोंद राहत नाही. उपकर आपण भरला, हक्क तिचा, आणि मधे फक्त एक सही राहून गेली. मला हे फार लागतं. संघटनेने एक साधी हजेरीवही छापून द्यावी, दाखल्याचा नमुना ठरवून द्यावा, दिवाळीनंतर मजूर परत आले की तालुक्याला एक नोंदणी शिबिर घ्यावं. खोटा दाखला एकही द्यायचा नाही, खरा एकही अडवायचा नाही. हे केलं तर भीती जाते, कारण सगळे एकाच पद्धतीने काम करत असतात.

हेल्मेट, मचाणाला कठडा, पायाच्या खड्ड्याला टेकू. काळ्या मातीत उभे खड्डे पाऊस पडला की ढासळतात आणि आत माणूस असतो. यावर जास्त बोलायची गरज नाही, करायची आहे.

सभासद होण्याआधी संघटनेला काही गोष्टी विचारा. नोंदणी कुठल्या कायद्याखाली आहे, हिशेब तपासले जातात का, सर्वसाधारण सभा खरंच होते का, निवडणूक होते का. जिथे वर्षानुवर्षं तीच चार नावं आहेत आणि वर्षातून एक स्नेहभोजन होतं, तिथे तुमची वर्गणी जेवणात जाईल. अशा संघटनेत शिरूनच ती बदलावी लागते, बाहेरून नावं ठेवून ती बदलत नाही.

मघाशी एका ताईंनी विचारलं की त्यांचे यजमान मजूर-ठेकेदार आहेत, स्वतः प्रकल्प करत नाहीत, ते सभासद होऊ शकतात का. बऱ्याच ठिकाणी घटनेत विकासक आणि परवानाधारक कंत्राटदार एवढेच सभासद असतात, म्हणून उत्तर ‘नाही’ येतं. माझं मत असं की आपण घटनेत दुरुस्ती करून मजूर-ठेकेदार, गवंडी, सेंट्रिंगवाले, प्लंबर यांच्यासाठी कमी वर्गणीचा वर्ग काढावा आणि त्यांना मताचा अधिकारही द्यावा. मुरूम किती फुटांवर लागला, सळई कुठे कमी पडली, पाणी किती दिवस मारलं, हे खरं त्यांनाच माहीत असतं. येत्या सर्वसाधारण सभेत हा ठराव मी मांडणार आहे. ताई, तुमच्या यजमानांना त्या दिवशी घेऊन या, आणि तुम्ही हिशेब बघत असाल तर तुम्हीही या.