बंद म्हणजे नेमकं काय?

नमस्कार. आज मला एका बटणाबद्दल बोलायचं आहे. विषय तांत्रिक आहे, पण तो माझ्याकडे घरातून आला, म्हणून आधी घरचं सांगते.

माझा भाचा एकोणीस वर्षांचा आहे. त्याला स्नायूंचा आजार आहे. तो व्हीलचेअरवर असतो आणि हाताची ताकद हळूहळू कमी होत चालली आहे. गेम खेळणं हा त्याचा जीव की प्राण. त्यात त्याचे मित्र आहेत, चुरस आहे, हरल्यावरचा राग आहे, सगळं आहे. त्याचा प्लेस्टेशन ४ हा गेमचा कन्सोल हॉलमधल्या टीव्हीला जोडलेला आहे आणि तो मात्र आपल्या खोलीत लॅपटॉपवर खेळतो. चियाकी नावाचं एक मुक्त सॉफ्टवेअर आहे, ते हॉलमधल्या कन्सोलचं चित्र घरच्या नेटवर्कवरून लॅपटॉपवर आणतं. हातात मायक्रोसॉफ्टचा अडॅप्टिव्ह कंट्रोलर. २०१८ साली आलेल्या या कंट्रोलरच्या मागे वेगवेगळी बटणं जोडायला खाचांची रांग असते. बोटांऐवजी कोपराने, मनगटाने, हनुवटीने, ज्याला जसं जमेल तसं खेळता येतं.

म्हणजे खेळणं जमत होतं. अडत होतं ते सुरू करणं. कन्सोल झोपलेला असेल तर कोणीतरी हॉलमध्ये जाऊन तो चालू करायचा. चियाकीतूनही त्याला उठवता येतं, पण त्यासाठी माउस नेमक्या जागी न्यावा लागतो आणि संध्याकाळी हात थकलेला असताना तेच त्याला जड जातं. तो मला म्हणाला, "मावशी, मला प्रत्येक वेळी कोणाला हाक मारायला नको वाटतं." या वाक्यापुढे मला दुसरं कारण लागलं नाही. व्हीलचेअरच्या ट्रेवर एक मोठं बिनतारी बटण बसवायचं, त्याचा निरोप रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणाऱ्या होम असिस्टंटला, म्हणजे घरातली यंत्रं सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला जाईल आणि होम असिस्टंट कन्सोलला उठवेल, असं ठरलं.

सुरुवातीला मी सगळे करतात तेच केलं, मॅजिक पॅकेट पाठवलं. नेटवर्कवरून संगणक जागा करायची ही जुनी पद्धत. आधी सहा वेळा एफएफ हा ठरलेला बाइट, मग त्या यंत्राचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक, सोळा वेळा, एकूण १०२ बाइट. संगणकाला हे कळतं. प्लेस्टेशनला कळत नाही, त्याची बोली वेगळी आहे. यूडीपी ही नेटवर्कवर छोटे निरोप पाठवायची पद्धत आणि पोर्ट म्हणजे यंत्राचा क्रमांक दिलेला दरवाजा. यूडीपीच्या ९८७ क्रमांकाच्या पोर्टवर त्याला विचारायचं, "कोणी आहे का?" त्यावर तो उत्तर देतो. चालू असेल तर उत्तराच्या पहिल्या ओळीत २०० हा आकडा असतो आणि कोणता गेम चालू आहे तेही तो सांगतो. विश्रांती अवस्थेत असेल तर ६२०, सर्व्हर स्टँडबाय. वेबसाइट सापडली नाही की ४०४ दिसतं, ते आपल्या ओळखीचं आहे. हा ६२० त्याच धाटणीचा, पण प्लेस्टेशनचा स्वतःचा.

तो आकडा पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा मला फार आनंद झाला होता. झोपेतलं यंत्र "मी झोपलोय" असं सांगत होतं. नीट बघा, जे खरोखर बंद आहे ते असं सांगू शकेल का? आजच्या बोलण्याचा सगळा गाभा एवढाच आहे, पण तो मला तेव्हा उमगला नाही. उमगायला पुढे दीड महिना गेला.

पडद्यावर आकडा दिसला तो माझ्या लॅपटॉपच्या. रास्पबेरी पायवरून विचारलं तर उत्तर येईना. त्याची कारणं दोन होती. रास्पबेरी पायवरच्या लिनक्समध्ये १०२४ च्या खालचे पोर्ट साध्या प्रोग्रॅमला स्वतःसाठी घेऊ देत नाहीत, खास परवानगी द्यावी लागते, आणि ९८७ त्यात बसतो. दुसरं कारण डॉकर, म्हणजे प्रोग्रॅमला वेगळ्या पेटीत ठेवून चालवणारं सॉफ्टवेअर. मी होम असिस्टंट डॉकरमध्ये चालवत होते आणि डॉकर आपल्या पेटीत स्वतःचं वेगळं छोटं नेटवर्क करतो. नेटवर्कभर पाठवलेला प्रश्न म्हणजे दवंडी. माझी दवंडी वाड्याच्या आतच पिटली जात होती, वेशीपर्यंत पोचतच नव्हती. डॉकरला यजमान यंत्राचंच, म्हणजे रास्पबेरी पायचंच नेटवर्क वापरायला सांगितलं, पोर्टची परवानगी दिली आणि काम झालं. तुमच्यापैकी कोणी हे करत असेल तर आधी या दोन गोष्टी बघा. राऊटरमध्ये कन्सोलचा आयपी पत्ताही कायमचा राखून ठेवा, नाहीतर आज सापडलेलं यंत्र उद्या दुसऱ्याच पत्त्यावर असतं.

बटण बसलं. भाचा ते मनगटाने दाबायचा आणि हॉलमधून टीं असा आवाज यायचा. पहिल्या दिवशी त्याने ते सात-आठ वेळा नुसतंच दाबून पाहिलं.

आणि मग ते अधूनमधून चालेनासं झालं. रोज नाही. सहा दिवस ठीक, एक दिवस नाही. कोणी जाऊन हाताने चालू केलं की पुन्हा सगळं सुरळीत. रोज बिघडणारी गोष्ट तासाभरात सापडते, अधूनमधून बिघडणारी माणसाला थकवते. मी निरोप तीन-तीनदा पाठवून पाहिला. हा उपाय मुळात चुकीचा नाही. यूडीपी म्हणजे साधं पोस्टकार्ड, पेटीत टाकलं की पाठवणाऱ्याचं काम संपलं, पोचल्याची पावती मिळत नाही. त्यामुळे निरोप पाठवायचा, अर्धा मिनिट थांबायचं, २०० आलं का विचारायचं, नसेल तर पुन्हा पाठवायचं, ही साखळी हवीच. पण बिघाड गेला नाही. राऊटर बदलून पाहिला. गेला नाही. होम असिस्टंटच्या नोंदी रात्र रात्र वाचल्या. त्यात सगळं आलबेल. बटण दाबल्याची नोंद, निरोप गेल्याची नोंद, आणि पुढे शांतता.

तिढा सोडवला ताईच्या सासूबाईंनी. त्या दिवसभर हॉलमध्येच बसतात, पोथी वाचतात, शेंगा सोलतात. मी राऊटरमागच्या तारा उपसत होते तेव्हा म्हणाल्या, "अगं, तो नारिंगी दिवा नसला की ते चालत नाही. आणि गुरुवारी संध्याकाळी नसतोच तो."

मी तिथेच खाली बसले. पुण्याकडच्या मंडळींच्या लक्षात आलंच असेल. गुरुवार हा वीजवाहिन्यांच्या दुरुस्तीचा वार. त्यांच्या भागात गुरुवारी सकाळी अधूनमधून वीज जाते आणि दुपारी येते. या कन्सोलचा दिवा पांढरा असला तर तो चालू, नारिंगी असला तर विश्रांतीत, दिवाच नसला तर पूर्ण बंद. वीज गेली की विश्रांती संपते आणि वीज परत आली की तो आपणहून विश्रांतीत जात नाही, बंदच राहतो. बंद म्हणजे त्याचा नेटवर्कचा कानही बंद. मी शंभर निरोप पाठवले असते तरी ऐकायला तिथे कोणी नव्हतं.

मग मला हे आधी का दिसलं नाही? कारण राऊटर आणि रास्पबेरी पाय इन्व्हर्टरवर होते. वीज गेलेली त्यांना कळतच नव्हती. हॉलमधला टीव्हीचा बोर्ड मात्र साध्या लाइनवर. माझ्या नोंदींत घर कधी अंधारलंच नव्हतं.

आपण 'बंद' हा एकच शब्द वापरतो, पण यंत्राच्या बाबतीत त्याचे निदान तीन अर्थ होतात. झोपलेलं आणि कान उघडे असलेलं. झोपलेलं पण कान मिटलेलं, कारण सेटिंगमध्ये विश्रांतीतही इंटरनेटला जोडलेलं राहण्याची आणि नेटवर्कवरून चालू होण्याची परवानगी दिलेली नाही. आणि वीजच तुटलेलं. आपण मात्र तिन्हींना 'बंद'च म्हणतो. म्हणून दूरून काही सुरू होत नसेल तर सॉफ्टवेअर उघडण्याआधी त्या यंत्रासमोर जाऊन उभे राहा आणि त्याचा दिवा बघा. मी ते दीड महिना केलं नाही.

इथे बरेच जण स्मार्ट प्लगचा उपाय सुचवतात. प्लग बंद करा, चालू करा, झालं. टेबललॅम्पला चालेल. या कन्सोलला चालणार नाही, कारण वीज आल्यावर तो आपोआप सुरू होत नाही. आणि विश्रांतीत असताना वीज तोडली तर अर्धवट थांबवलेला गेम जातो, डिस्कवर काही लिहिलं जात असेल तर तेही बिघडू शकतं. कृपा करून हे करू नका. प्लग वीज मोजणारा असेल तर मोजण्यापुरता जरूर लावा. शून्य वॅट आणि काही थोडे वॅट या फरकावरून नारिंगी दिवा आहे की नाही हे दुसऱ्या गावी बसूनही कळतं.

आम्ही कन्सोलची लाइन इन्व्हर्टरवर घेतली. पुढच्या गुरुवारी दिवा पुन्हा गेला! यावेळी मी इन्व्हर्टरच्या मागे वाकले. तिथे एक छोटा खटका असतो, एकीकडे यूपीएस, दुसरीकडे नॉर्मल किंवा इको. आमचा नॉर्मलवर होता. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. वीज गेल्यावर बॅटरीवर यायला त्याहून जास्त वेळ लागला तर पंख्याला पत्ता लागत नाही, ट्यूब जरा लुकलुकते, पण संगणकासारखं यंत्र बंद पडतं. यूपीएसवर ही अदलाबदल लवकर होते. खटका सरकवला, मेन स्विच दोनदा पाडून पाहिला. सासूबाई दिव्याकडे बघून म्हणाल्या, "आहे, आहे."

कोणीतरी मघाशी विचारलं, बाकीच्या कन्सोलचं काय? मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स वनची बोली निराळी, पोर्ट ५०५०, आणि उठवायला त्या यंत्राचा लाइव्ह आयडी हा ओळख क्रमांक लागतो. तिथेही लगेच सुरू होणारी अवस्था आणि वीजबचतीची अवस्था असे दोन प्रकार आहेत आणि गोंधळ बहुतेक तिथेच होतो. आणि दूरून बंद करायचं म्हटलं तर? प्लेस्टेशन ४ उठवायला खात्याची किल्ली, म्हणजे ओळख पटवणारा संकेत, पुरते, झोपवायला मात्र लॉगिन करावं लागतं, ९९७ पोर्टवर. आम्ही ते चियाकीवर सोडलं, खेळ संपवून जोडणी तोडताना ते कन्सोलला झोपवू शकतं.

एक प्रसंग उरतो. वीज खूप वेळ गेली, इन्व्हर्टरची बॅटरी संपली, तर दिवा जाणारच. त्यावर नेटवर्कवरून काही उपाय नाही. तीन प्रयत्न फुकट गेले की आता हॉलमधला स्पीकर बोलतो, "कन्सोल बंद आहे, बटण दाबा." कन्सोल जुन्या बांधणीचा आहे, त्याचं बटण दाबायचं नसून दोन थरांमधल्या बारीक फटीत बोट टेकवायचं असतं, आणि ती जागा सासूबाईंना दिसत नाही. त्यांनी तिथे वरच्या बाजूला एक लाल टिकली चिकटवली आहे.