सहाचे चार

कॅमेऱ्यासमोरच्या टेबलावर एकाच कादंबरीच्या दोन प्रती आहेत. डावीकडची १९८३ची, कडा पिवळ्या पडलेली. उजवीकडची २००८ची. अमेरिकेतल्या शाळकरी मुलींनी भरभरून वाचलेली ही मालिका, 'स्वीट व्हॅली हाय'. जुळ्या बहिणी, वय १६. बोट आता ज्या ओळीवर थांबलंय ती वाचा. जुन्या प्रतीत या बहिणींच्या कपड्यांचं माप 'परफेक्ट' सहा नंबर. नव्या प्रतीत चार.

मधल्या काळात कपड्यांचे नंबर सैल होत गेले, तेव्हाचा सहा म्हणजे आताचा चार, असं कुणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. पण मजकूर नव्यानं तपासला जात असताना तो आकडाच खोडता आला असता. खोडला नाही, कमी केला. बारा-तेरा वर्षांची वाचक मग आपल्या फ्रॉकच्या आतली चिठ्ठी उलटून बघणारच.

हे दुसरं पुस्तक, १९७०चं. अमेरिकन लेखिका जूडी ब्लूम यांच्या या कादंबरीतली मार्गारेट पाळीची वाट बघते, छाती वाढावी म्हणून मैत्रिणींबरोबर कोपर मागे ताणून व्यायाम करते. पहिल्या आवृत्तीत पॅड अडकवायला कमरेचा पट्टा आहे. हा असा, हुकांचा. पुढे पट्टे गेले, चिकटणारे पॅड आले, तसा ब्लूम यांनी मजकूर बदलला. वाचणारी मुलगी अडू नये, एवढ्यासाठी. दुरुस्ती अशीही करता येते.

आणि हे ब्लूम यांचंच 'फॉरेव्हर', १९७५चं. त्या काळच्या गोष्टींत शरीरसंबंध आला की मुलीला शिक्षा ठरलेली, एक तर भयानक गर्भपात, नाही तर मरण. अशा गोष्टी वाचून ब्लूम यांच्या मुलीनं आईकडे मागणी केली, कुणीही न मरणारी गोष्ट लिही. 'फॉरेव्हर'मधली कॅथरिन मित्राच्या आधी स्वतःच्या मनाला विचारते. घाई करत नाही. दवाखान्यात जाते, तपासणी करून घेते, गर्भनिरोधक गोळ्या सुरू करते. तिला इच्छा आहे आणि त्या इच्छेची लाज तिच्यावर कुणी लादलेली नाही. पुढे प्रेम ओसरतं. कॅथरिन जिवंत राहते.

२०२४ साली युटा राज्यानं सगळ्या सरकारी शाळांतून हे पुस्तक काढायला लावलं.

ही प्रत वाचनालयातली. कणा मोडलेला. टेबलावर उभी धरून सोडली की स्वतःच उघडते. कॅमेऱ्यापुढे तीनदा सोडली. तिन्ही वेळा तेच पान.