आधी चिठ्ठ्या, मग कीबोर्ड

श्रोतेहो, नमस्कार.

तुमच्यासमोर कागदावर आठ संख्या लिहिल्या आहेत आणि त्यांतली सर्वांत मोठी सांगायची आहे, असं समजा. तुम्ही नुसती नजर टाकाल आणि सांगाल. कशी शोधली, असं विचारलं तर म्हणाल, "शोधायचं काय त्यात? दिसतेच की!" मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवताना माझी सगळी झटापट या 'दिसतेच की'शी असते. संगणकाला असं काही दिसत नाही. तो एका वेळी दोन संख्यांची तुलना करतो, बस्स.

म्हणून पहिल्या तासाला मी संगणक सुरूच करू देत नाही. टेबलावर आठ चिठ्ठ्या पालथ्या मांडते. एका वेळी एकच चिठ्ठी उचलायची, वाचायची आणि पुन्हा पालथी ठेवायची. आता शोधा मोठी संख्या! मुलं चाचपडतात, मागच्या चिठ्ठीवर काय होतं ते विसरतात, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. मग कुणीतरी म्हणतं, "बाई, आत्तापर्यंतची सगळ्यात मोठी कुठेतरी लिहून ठेवूया." मी फळ्यावर एक चौकट काढते. नवी संख्या चौकटीतल्या संख्येपेक्षा मोठी निघाली तर जुनी पुसून नवी लिहायची, नाहीतर पुढची चिठ्ठी उचलायची. व्हेरिएबल म्हणजे ती चौकट, अट म्हणजे 'मोठी निघाली तर', आणि लूप म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करणं, तिन्ही गोष्टी फळ्यावर आल्या आणि मी त्यांतलं एकही नाव अजून उच्चारलेलं नाही. नावं नंतर सांगितली की ती डोक्यात राहतात, कारण तोवर त्यांची गरज पटलेली असते.

भाषेचे नियम आधी आणि विचार नंतर, हा क्रम मला मनापासून चुकीचा वाटतो. १९८०च्या दशकात येल विद्यापीठात संगणकशास्त्रज्ञ इलियट सोलोवे यांनी विद्यार्थ्यांना एक साधं काम दिलं होतं. एकामागून एक संख्या वाचायच्या, ९९९९९ आला की थांबायचं आणि तो सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. प्रोग्रॅमिंग शिकलेले कितीतरी विद्यार्थी त्यात अडखळले. लूप कसा लिहायचा, बेरीज कशी करायची हे त्यांना ठाऊक होतं. अडचण होती ती हे तुकडे एकमेकांत बसवण्याची. ९९९९९ बेरजेत जाणार नाही याची काळजी नेमकी कुठे घ्यायची? फळ्यावरचा कोड वहीत उतरवून हे येत नाही.

गणितज्ञ सीमूर पेपर्ट यांनी सहकाऱ्यांसोबत १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो ही भाषा तयार केली. त्यातलं कासव, म्हणजे आपल्या सूचनांप्रमाणे पडद्यावर चालत मागे रेघ काढणारं चित्र, पुढे आमच्या वर्गाचं फार लाडकं झालं. 'पुढे शंभर, उजवीकडे नव्वद' ही जोडी चार वेळा सांगितली की चौरस तयार! मग मी समभुज त्रिकोण काढायला सांगते. पुस्तकात कोन साठ अंशांचा, म्हणून मुलं कासवाला साठ अंश वळवतात आणि पडद्यावर अर्धा षट्कोन उमटतो. अशा वेळी मी उत्तर देत नाही. पेपर्ट सांगत तसं, मुलाला स्वतः कासव होऊन जमिनीवर चालायला लावते. कोपऱ्यावर पोचल्यावर त्याच्या लक्षात येतं, की आपलं तोंड सरळ पुढे आहे आणि तिथून वळायचं तर एकशेवीस अंश वळायला लागेल. कोन आतला मोजलेला होता, वळायचं मात्र बाहेरच्या कोनातून. ही चूक स्वतःच्या पायांनी सापडलेली असते, त्यामुळे तिची लाज कुणाला वाटत नाही.

२००६ मध्ये संगणकशास्त्रज्ञ जॅनेट विंग यांच्या लेखानंतर 'संगणकीय विचार' हा शब्दप्रयोग शिक्षणाच्या चर्चेत सगळीकडे पोचला. शब्द भारदस्त आहे. माझ्यापुरता त्याचा अर्थ असा, की आपण एखादी गोष्ट कशी करतो हे अगदी अनोळखी माणसालाही करता येईल इतकं नेमकं सांगणं, आणि मग ते सांगणं कुठे फसेल हे आपणच शोधणं.

यातला दुसरा भाग शिकवायला वेळ लागतो. पुन्हा त्या चिठ्ठ्यांकडे येते. सुरुवातीला चौकटीत काय लिहायचं, असं विचारलं की वर्ग एका सुरात म्हणतो, "शून्य!" मी शून्य लिहिते. चिठ्ठ्या मात्र बदलून आणते: उणे सात, उणे तीन, उणे बारा. सगळ्या उलटून होतात आणि चौकटीत शून्य तसंच. "पण शून्य तर कुठल्याच चिठ्ठीवर नाही!" कुणीतरी ओरडतं. मग वाद होतो, दोन-तीन उपाय सुचतात आणि वर्ग ठरवतो, की चौकटीत पहिल्या चिठ्ठीवरचीच संख्या लिहायची.

एकदा हे सगळं ठरलं, मुलांनी वह्या उघडल्या, आणि मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "बाई, टेबलावर एकही चिठ्ठी नसेल तर?"

मी हातातला खडू तिला दिला आणि तिला फळ्याजवळ बोलावलं.