दंडावरची रेघ : आर्म लिफ्टमध्ये व्रण कुठे ठेवायचा

(दृश्य : जळगाव, डिसेंबरातली सकाळ. शस्त्रक्रियेआधीची खोली. जांभळा मार्कर, मोजपट्टी, भिंतीला उंच आरसा.)

लटकलेल्या दंडाची कातडी काढायची, तर दंडावर रेघ राहणार. काखेपासून जवळजवळ कोपरापर्यंत, वीतभर तरी लांब, आणि जन्मभराची. या शस्त्रक्रियेचं नाव ब्रॅकिओप्लास्टी, बोलण्यातलं आर्म लिफ्ट. व्रण न ठेवता दंड घट्ट करून देतो असं कोणी सांगत असेल, तर त्याला विचारा, जास्तीची कातडी जाणार कुठे?

हातात असते ती फक्त जागा. रेघ दंडाच्या कोणत्या अंगाला यावी हे ठरवता येतं, आणि ते टेबलावर ठरत नाही. भूल दिलेला माणूस आडवा असतो, कातडी बाजूला सरकलेली असते. म्हणून खुणा आधी होतात, माणूस जागा आणि उभा असताना, त्याच्या डोळ्यांसमोर.

(दृश्य : हात खांद्याच्या रेषेत आडवा, कोपर काटकोनात. मार्करचं टोक.)

डॉक्टर सांगतात, बेटकुळी काढा. बेटकुळी वर आली की तिच्या खालच्या कडेला, दंडाच्या आतल्या बाजूने एक उथळ खाच दिसते. पुढे बायसेप्स, मागे ट्रायसेप्स, मधे ही खाच. हात खाली सोडला की ती छातीच्या बाजूला टेकते आणि झाकली जाते. व्रणाची जुनी, खूप वापरातली जागा हीच. समोरून येणाऱ्याला, हात खाली असेपर्यंत, काही दिसत नाही. पण हात वर गेला, म्हणजे बसच्या दांडीला धरलं, दोरीवर कपडे टाकले, लग्नात अक्षता टाकल्या, की समोरच्याला ती रेघ टोकापासून टोकापर्यंत दिसते. स्वतःलाही आरशात तीच दिसते.

दुसरी जागा दंडाच्या मागच्या कडेला. इथली कातडी जाड, आणि पुढे ज्या संवेदनेच्या नसेबद्दल सांगायचंय ती इथून लांब. रुग्णाला स्वतःला हा व्रण सहसा दिसत नाही. पण बिनबाहीच्या कपड्यात, हात खाली असतानाही, मागे बसलेल्याला दिसतो.

तिसरी जागा या दोन्हींच्या मधे, खाचेच्या जरा मागे, दंडाच्या खालच्या-आतल्या अंगाला. नीट जमली तर ती समोरून अर्धवट लपते आणि मागूनही अर्धवट. बहुतेकांसाठी आम्हाला हीच जागा बरी वाटते. एक अट मात्र आहे. ज्या बाईला दंडाच्या मागच्या बाजूची लाज वाटत आलीय, तिला मागून थोडीही रेघ दिसणं नकोसं होईल. मग खाचेतलीच बरी. आरसा त्यासाठीच हवा. रुग्णाने हात खाली, आडवा आणि पूर्ण वर, अशा तिन्ही अवस्थांत मार्करची रेघ बघावी, मागून घेतलेला मोबाईलचा फोटो बघावा, आणि मगच हो म्हणावं.

काखेतल्या घडीत लपणारा छोटा व्रण सगळ्यांनाच हवा असतो. तो चालतो, पण फक्त ज्यांची कातडी काखेलगतच्या वरच्या भागातच सैल आहे त्यांना. पूर्ण दंडाला झोळ असेल, तर कातडी दंडाच्या घेरात जास्त असते आणि काखेतून ओढ बसते लांबीत. झोळ तसाच राहतो. वर त्या ओढीने काखेतला व्रण रुंद होत घडीबाहेर, दंडावर उतरतो.

(दृश्य : चिमटीत धरलेली कातडी. वरची रेघ, मग खालची.)

आता खुणांची गंमत नाही, गणित आहे. जिथे व्रण हवा ती रेघ आधी ठिपक्यांनी काढतात. पण कापायची वरची रेघ तिच्यावर येत नाही, साधारण एक ते दोन सेंटिमीटर वर जाते. कारण खालचा भाग वजनाने आणि ताणाने पुढचे काही महिने व्रणाला खाली खेचत राहतो. हे धरलं नाही, तर खाचेत ठेवलेला व्रण सहा महिन्यांनी दंडाच्या खालच्या काठावर लोंबताना दिसतो. मग चिमटीने किती कातडी सुटते ते बघत खालची रेघ. दोन्ही रेघा मधे रुंद, टोकांना निमुळत्या. आणि दर चार-पाच सेंटिमीटरवर दोन्ही रेघांना जोडणाऱ्या आडव्या खुणा, म्हणजे शिवताना कडा कडेला नेमकी बसते, पुढे-मागे सरकत नाही.

दोन टोकं नाजूक. कोपराकडचं टोक कोपराच्या थोडं अलीकडेच संपवायचं. सांध्यावरून सरळ रेघ नेली की हात सरळ करताना ती ताणते आणि जाड होते. तिथे निमुळतेपणा कमी पडला तर कातडीचा छोटा उंचवटा राहतो.

दुसरं टोक काखेत, आणि बहुतेक बिघाड इथलाच. दंडावरून आलेला व्रण काख ओलांडून छातीच्या बाजूला सरळ नेला, तर तो आकसताना दोरीसारखा ताठ पट्टा तयार होतो. हात डोक्यावर न्यायला गेलं की तो पट्टा अडवतो. म्हणून काखेत रेघ मोडतात, इंग्रजी झेडच्या किंवा एलच्या आकारात. लांबी वाढते, ओढ वेगवेगळ्या दिशांना वाटली जाते. ज्यांचं वजन खूप उतरलंय, तीस-चाळीस किलोच्या पुढे, त्यांची सैल कातडी बहुधा काखेतून बरगडीपर्यंत गेलेली असते. त्यांचा व्रणही तिथवर जातो आणि त्यांना ही मोड टाळताच येत नाही.

१९९५ साली टेड लॉकवुड या शल्यविशारदाने कातडीखालच्या चरबीत असलेला तंतूंचा थर काखेच्या मजबूत पडद्याला टाक्यांनी टांगण्याची पद्धत मांडली. त्यामुळे ओढ आतला थर सोसतो, कातडीच्या कडा शिथिल राहतात. व्रण रुंद होणं आणि खाली घसरणं यावर आजही हाच मोठा उपाय आहे.

(दृश्य : हाताचं साधं रेखाचित्र. आतल्या बाजूने एक निळी रेघ, एक पिवळी.)

निळी ती बॅसिलिक शीर, म्हणजे रक्त परत नेणारी वाहिनी. पिवळी ती कोपराखालच्या आतल्या कातडीला संवेदना देणारी नस. ही नस दंडाच्या वरच्या भागात खोल असते. खालच्या भागात, कोपराच्या आतल्या हाडाच्या टोकापासून साधारण १४ सेंटिमीटर वर, ती शिरेसोबत खोल पडदा भेदून चरबीत येते. माणसागणिक हे अंतर बदलतं. म्हणूनच दंडाच्या खालच्या अर्ध्यात कातडी काढताना स्नायूच्या पडद्यावर सुमारे एक सेंटिमीटर चरबी राखून ठेवायची असते. खरवडून स्वच्छ केलं की नस गेली. मग कोपरापासून मनगटाकडे आतली बाजू बधिर राहते, क्वचित तुटलेल्या टोकाला गाठ होऊन तिथे हात लागला की झिणझिणी जाते. व्रण मागे नेण्याचं एक कारण ही नससुद्धा आहे.

टेबलावर काय होतं ते थोडक्यात. दंड जाड असेल तर आधी लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी ओढून काढणं, जेणेकरून कातडीखाली तंतू-वाहिन्यांचं जाळं उरतं, लसिकावाहिन्या (ऊतींमधलं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या) वाचतात आणि कातडी सहज सुटते. चरबी काढून सैल कातडी तशीच सोडली तर झोळ वाढतो, म्हणून लायपोसक्शन एकटं सगळ्यांना पुरत नाही. मग कापणं, पण एकदम नाही. थोडं कापायचं, लगेच तात्पुरते टाके घालून बंद करायचं, मग पुढचा तुकडा. कारण दंड डोळ्यांदेखत सुजतो. पूर्ण कातडी आधी काढून बसलं आणि सूज आली, तर कडा भिडत नाहीत. ओढूनताणून भिडवल्या तर हाताकडचं रक्त परतायला अडथळा होतो आणि पंजा फुगतो.

(दृश्य : शिंप्याचं दुकान. उलटा केलेला ब्लाऊज.)

कॅमेरा इथे मुद्दाम आणला आहे. ब्लाऊजची बाही आतून बघा. बाहीची शिवण काखेतल्या मुंढ्यापासून दंडाच्या आतल्या अंगाने उतरते, आणि शिंपी पुढे सैल करायला लागेल म्हणून तिथे दोन-अडीच सेंटिमीटर माया सोडतो. म्हणजे नव्या व्रणाची जी जागा, तीच कापडाच्या दुहेरी कडेची जागा. उन्हाळ्यात घामाने ओली झालेली ही कड कोवळ्या व्रणावर दिवसभर घासते. शस्त्रक्रियेआधीच दोन ब्लाऊज शिवून घ्या: मऊ सुती कापड, सैल दंडघेर, पुढून उघडणारे, बाहीची शिवण बाहेरच्या बाजूला. बाकीचे ब्लाऊज सहा महिने तरी आटवू नका. सूज उतरायला तेवढा वेळ लागतो आणि माप बदलत राहतं.

महिनाही विचार करून निवडा. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत जातो. टाके घातल्यावर चार ते सहा आठवडे प्रेशर गारमेंट, म्हणजे दाब देणारी घट्ट बाही, घालायचं असतं, ते वैशाखात घालून राहणं कोणाला जमत नाही. मग लोक ते काढून ठेवतात, सूज वाढते, काखेत घाम साचतो, टाका उसवतो. मार्गशीर्ष-पौष बरा. आणि वैशाखातल्या लग्नासाठी म्हणून माघात शस्त्रक्रिया करू नका. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात व्रण सगळ्यात लाल, सगळ्यात उठावदार असतो. मऊ, सपाट आणि फिका व्हायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. लग्नातल्या फोटोसाठी करायचंच असेल, तर आधीच्या वर्षी करा.

तयारीत तीन गोष्टींना सूट नाही. वजन किमान सहा महिने एका जागी स्थिर हवं. बॅरिएट्रिक (वजन उतरवण्याची) शस्त्रक्रिया झाली असेल तर त्यानंतर वर्ष-दीड वर्ष थांबावं, आणि हिमोग्लोबिन व प्रथिनं तपासून भरून काढावीत, नाहीतर जखम धरत नाही. तंबाखू किमान चार आठवडे आधीपासून बंद, नंतरही चार आठवडे. यात विडी-सिगारेट जशी आली तशी मिश्री आणि चुन्यासोबत मळलेली तंबाखूही आली. निकोटिन कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं, ते तोंडातून गेलं तरी. मिश्री हे व्यसन मानलंच जात नाही, म्हणून बायका विचारल्याशिवाय सांगत नाहीत. नंदुरबार, शिरपूर, साक्री भागातल्या भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. भूल देण्याआधी ती तपासणी झालेली असावी. स्तनाच्या कर्करोगासाठी काखेतल्या गाठी काढल्या असतील, तर त्या हाताला सूज कायमची बसू शकते. त्या बाजूला ही शस्त्रक्रिया शक्यतो करू नये.

(दृश्य : माठ, हंडा, केळीचा घड.)

तीन आठवड्यांच्या जखमेत मूळ कातडीच्या ताकदीचा पाचवा हिस्साच असतो. तीन महिन्यांनी ती ऐंशी टक्क्यांपर्यंत जाते, त्यापुढे कधीच नाही. आता पंधरा लिटरचा हंडा डोक्यावर चढवा. पंधरा किलो वजन, आणि हात खांद्याच्या वर. काखेतल्या टाक्यांवर याहून वाईट ओढ शोधून सापडायची नाही. कोपर खांद्याच्या वर पहिले दोन-तीन आठवडे नको, जड उचलणं सहा आठवडे नको. पाणी कोण भरणार, कपाशीच्या वेचणीला आणि केळीच्या कापणीला कोण जाणार, हे घरात आधी ठरलेलं हवं. हात अगदी आखडून ठेवणंही चूक, खांदा धरतो. पुढे वाकून हात सैल झुलवणं पहिल्या आठवड्यापासून, बोटांनी भिंत चढणं तीन आठवड्यांनी.

जखम पूर्ण कोरडी झाली, साधारण तिसऱ्या आठवड्यात, की व्रणावर कागदी टेप लांबीच्या दिशेने, आणि नंतर सिलिकॉनची पट्टी किंवा जेल. पट्टी दिवसाला बारा तास तरी, किमान तीन महिने. उन्हात बाही. उघड्या जखमेत हळद-तेल भरू नका. जखम भरल्यावर खोबरेल तेलाने हलकं मालिश चालतं. व्रण जाड, खाजरा होऊ लागला तर वाट न बघता दाखवा. स्टेरॉईडचं इंजेक्शन लवकर दिलं तर उपयोग चांगला होतो. खांद्यावर किंवा छातीवर आधीचा केलॉइड (जखमेच्या हद्दीबाहेर वाढणारा जाड व्रण) असेल, कान टोचल्यावर गाठ आली असेल, तर हे शस्त्रक्रियेआधीच सांगायचं.

काखेत जिथे दोन रेघा मिळतात तिथे रुपयाएवढी जखम उघडणं, कोपराजवळ पाण्याची फुगार येणं, महिना-दीड महिन्यानं आतला टाका वर येणं, हे होतं आणि निभतं. पाणी सुईने काढतात, उघडी जागा ड्रेसिंगने भरते. एक हात दुसऱ्यापेक्षा अचानक फुगला, पंजा निळसर झाला, ताप आला, छातीत दुखून दम लागला, तर मात्र सकाळची वाट बघू नका.

वर्षानंतर व्रण रुंद राहिला तर तो कापून पुन्हा शिवता येतो, बहुधा जागेवरच्या भुलीत, त्याच दिवशी घरी. रुंदी कमी होते, काखेतला ताठ पट्टा झेडने सोडवता येतो. खाचेतली रेघ मागे न्या म्हटलं तर ते होत नाही, कारण सरकवायला लागणारी कातडी पहिल्याच वेळी काढलेली असते. आणि दुरुस्तीनंतर टेप, पट्टी, सैल बाही हे सगळं पुन्हा तिसऱ्या आठवड्यापासून.