नराला डिवचणारं कापड

अमेरिकेतलं वायोमिंग, सप्टेंबरचा मध्य. गुडघाभर सेजब्रशची झुडपं, अधूनमधून जमिनीलगतचा निवडुंग, आणि आडोशाला म्हणून एक झाड नाही. समोरच्या उतारावर तांबूस-पांढरे ठिपके दिसतायत ना, ते प्रॉन्गहॉर्न. इथले लोक त्यांना ‘अँटिलोप’च म्हणतात, पण आपल्या काळविटाशी त्यांचं जवळचं नातं नाही. आज हयात असलेल्यांत त्यांचा जवळचा भाऊबंद म्हणजे जिराफ.

ताशी 80 किलोमीटरच्या पुढे धावणारा हा प्राणी. डोळे मोठे, डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे मान न वळवता जवळपास चहूकडचं दिसतं. रायफलवाला शिकारी दोनशे मीटरवरून काम भागवतो. धनुष्यवाल्याला तीस-चाळीस मीटरच्या आत यावं लागतं, आणि ते अंतर इथं रांगून कापता येत नाही. म्हणून नरालाच आपल्याकडे यायला लावायचं. त्यासाठी डिकॉय, म्हणजे त्याला फसवायला उभं केलेलं खोटं प्रॉन्गहॉर्न.

हा पाहा. छापील कापड, कडेनं लवचिक पोलादी कडं, गाडीच्या काचेच्या सनशेडसारखं पिळून गोल घडी होणारं. खाली रोवायला दोन सळ्या, मध्ये बघायला छोटी खिडकी. चित्र किती हुबेहूब आहे यापेक्षा दोन गोष्टी बघा. गालावरचा काळा डाग, कारण नराची ती खूण लांबूनही कळते. आणि शिंगं. ती कानाच्या उंचीइतकी किंवा जराशीच वर हवीत. मिशीही न फुटलेलं पोर आपल्या माद्यांजवळ घुटमळतंय, हे कळपाच्या धन्याला खपत नाही. मोठ्या शिंगांचा डिकॉय दिसायला रुबाबदार, पण मध्यम ताकदीचा नर तो बघून माद्या हाकत दुसरीकडे निघून जातो. कापड चकाकत असेल तर उन्हात तेही त्याला खटकतं.

माज सुरू होण्याआधी, ऑगस्टमध्ये, ही युक्ती फारशी चालत नाही. तेव्हा पाणवठ्यावर दबा धरणं बरं. गुरांच्या कुरणात काही जण गाईच्या आकाराचं कापड पुढं धरून सरकतात. ही कल्पना आपल्याला नवी नाही: बैलाआडून सावजाजवळ जाणाऱ्या पारध्यांना ‘गायके’ असं नावच होतं. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं काळविटाची शिकार बंद झाली. इथं परवाना काढून, ठरल्या हंगामात ती चालते.

नर निवडताना ज्याच्याभोवती माद्या आहेत आणि जो उपटसुंभ पोरांना हुसकावून दमलाय, तो घ्या. एकटा चरणारा बहुधा नुसता बघत राहतो. ओघळीतून, वारा तोंडावर घेत, दोनशे-अडीचशे मीटरपर्यंत पोचा. गुडघ्यांना पॅड आणि हातात चामडी मोजे हवेतच, नाहीतर निवडुंगाचे काटे रात्रभर काढत बसावं लागेल. दोघं असाल तर उत्तम: एक डिकॉय सांभाळणार, दुसरा बाण सोडणार.

आता घाई नको. नराची मान खाली असताना, किंवा तो कुणामागे धावत गेला असताना, डिकॉय सावकाश उभा करायचा. त्याच्या डोळ्यांदेखत तो जमिनीतून उगवला की खेळ संपला. त्याच्या ढुंगणावरचे पांढरे केस फुलले, की अख्खा कळप पुढच्या टेकडीपलीकडे.

पटलं, तर तो मानेचे केस ताठ करून निघतो. कधी थांबत-थांबत, कधी सरळ धाव घेत. ताशी 60च्या वेगानं अडीचशे मीटर म्हणजे पंधरा सेकंद. बाण दोरीला आधीच लावलेला हवा, आणि दोन-चार झुडपांची अंतरं रेंजफाइंडरनं आधीच मोजलेली. नुसत्या नजरेवर विसंबू नका. या उघड्या माळावर मोजायला दुसरं काही नसतं, त्यात अंगानं लहान जनावर, भलेभले चुकतात.

साठ-सत्तर मीटरवर तो बऱ्याचदा थांबतो आणि कडेकडेनं फिरू लागतो. कापड सपाट आहे; कडेनं पाहिलं तर ‘हरिण’ गायब होऊन नुसती रेघ उरते. म्हणून तो फिरेल तसा डिकॉयही हळूहळू फिरवायचा. वारा सुटला तर एका हातानं कड घट्ट धरायची, कारण फडफडणारं हरिण त्यानं पाहिलेलं नाही.

धनुष्य ताणायचं ते कापडाआड, गुडघ्यावर बसून. आणि इथं सगळ्यात जास्त बाण वाया जातात. डोळ्याला नर स्वच्छ दिसतो, पण बाण नजरेच्या रेषेपेक्षा दहा-बारा सेंटिमीटर खालून निघतो आणि थेट डिकॉयच्या वरच्या कडेत शिरतो. नजर नव्हे, बाण कडेच्या वर आहे ना, हे बघा. समोरून चालून येणाऱ्या नरावर बाण सोडू नका. तो आडवा होऊ द्या, मग पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या एक तृतीयांश भागात.

पडल्यावर वेळ दवडू नका. पोकळ केसांचं कातडं उष्णता धरून ठेवतं, आणि सप्टेंबरची दुपार तापलेली असते. आतडी काढा, कातडं तिथंच सोला, मांस सावलीत वाऱ्याला टांगा आणि लवकरात लवकर बर्फात घाला.

रायफलचा हंगाम लागला की डिकॉय घरी. धनुष्याच्या हंगामातसुद्धा तो उघडा खांद्यावर टाकून चालत नाहीत, लांबून दुसऱ्या शिकाऱ्याला तो खरं जनावर वाटायचा. पिळून घडी, वर भडक नारिंगी कापड, आणि मगच गाडीची वाट.