हजार विड्या, एक अंगठा

(दृश्य: सोलापूरजवळचं कुंभारी. दारात मांडी घालून बसलेली बाई, मांडीवर सूप.)

विडीची मजुरी तासावर मिळत नाही, हजारावर मिळते. वळणाऱ्या बाईच्या अंगठ्या-मनगटाच्या दुखण्याचं मूळ तिथेच आहे.

भिजवून मऊ केलेलं तेंदूचं पान. त्यावर पत्र्याचा फर्मा, कडेने कात्री. मग चिमूटभर तंबाखू, अंगठ्याने वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. झाली एक विडी. आठ तासांत हजार करायच्या, तर एकीच्या वाट्याला अर्धं मिनिटही येत नाही. पान कापण्याचा वेळ धरून!

(दृश्य: अंगठा, अगदी जवळून.)

जोर फारसा लागत नाही, म्हणून बघणाऱ्याला हे ‘बसल्या जागचं’ काम वाटतं. पण अंगठा हलवणाऱ्या दोन कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे दोर, मनगटाच्या कडेला एका अरुंद आवरणातून जातात. तीच हालचाल दिवसभर, मध्ये उसंत नाही. आवरण जाड होतं आणि कंडरा आत अडखळू लागतात. स्विस सर्जन फ्रिट्झ द कर्व्हेन यांनी १८९५ साली याचं वर्णन केलं, आजही हा आजार त्यांच्याच नावाने ओळखतात. मनगटाच्या मधल्या बोगद्यात तर नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू. तिथे दाब वाढला की रात्री बोटांना मुंग्या येतात, हात झटकत उठून बसावं लागतं. मान-कंबरेचं दुखणं आणखी वेगळं.

(दृश्य: विडी घरकुलाच्या गल्ल्या.)

२००६ साली या वसाहतीत विडी कामगारांना दहा हजार घरं मिळाली. हक्काचं छप्पर ही मोठीच गोष्ट. पण काम याच घरात चालतं. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने कारखान्यात पाच तासांनंतर अर्ध्या तासाची सुट्टी घालून दिली होती; घरच्या उंबऱ्यात घड्याळ कोण बघणार? त्यात माल देताना खराब विड्या बाजूला काढल्या जातात, आणि ती तूट संध्याकाळी भरून काढायची. संध्याकाळी तरी हात कुठे मोकळे? पीठ मळायचं, भाकरी थापायची, धुणं पिळायचं. पिळताना पुन्हा तोच अंगठा, तेच मनगट.

लवकर दाखवलं तर पट्टा, आराम आणि फार तर एखाद्या इंजेक्शनवर भागतं. पण पट्टा बांधून विडी वळता येत नाही, म्हणून तो कामाला बसताना निघतो. दुखणं फारच वाढलं तर शस्त्रक्रिया करून आवरण मोकळं करावं लागतं. मग काही आठवडे वळणं बंद, आणि तेवढी मजुरीही बंद.